मींड नाही म्हणून पियानो ऐकायचाच नाही का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या सांगली-मिरजेत गाण्याच्या गप्पा निघाल्या की पियानोचा विषय एका वाक्यात संपतो, "त्यात मींड कुठंय?" हे मी इतक्या जाणकार लोकांकडून ऐकलंय की शेवटी आज पत्र लिहायलाच बसले. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते, सूर उठतो आणि उठल्याक्षणी विरायला लागतो, मींड घेत एका सुरातून दुसऱ्यात ओढत नेता येत नाही, श्रुतींचं, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागांचं, तर सोडाच. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियम बंद केली त्यामागेही बरंचसं हेच कारण होतं. ज्या मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत तंबोऱ्याची जवारी लावताना ऐकत माणसं मोठी होतात आणि उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने गाणं होतं, तिथल्या कानांना पियानो तुटक वाटणारच. पण या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते म्हणजे क्लारा हास्किलबाईंनी वाजवलेले मोझार्टचे पियानो कॉन्चर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना.

बाई मूळच्या रुमानियाच्या, जन्म १८९५ बुखारेस्टचा. पॅरिसला शिकल्या. ऐन तरुणपणी पाठीचा कणा वाकायला लागला, प्लास्टरमध्ये पडून राहावं लागलं. पुढे महायुद्धात ज्यू म्हणून पॅरिस सोडून पळावं लागलं, त्यातच डोळ्याच्या नसेवर गाठ आली, १९४२ मध्ये मार्सेला ऑपरेशन झालं आणि मग स्वित्झर्लंड. जगाने दखल घेतली ती पन्नाशी उलटल्यावर. चार्ली चॅप्लिन तिथे त्यांचे शेजारी होते, ते म्हणायचे की आयुष्यात खरे प्रतिभावंत तीनच भेटले, आइन्स्टाइन, चर्चिल आणि क्लारा हास्किल.

आता मुद्द्याचं. मोझार्टच्या २७ कॉन्चर्टोंपैकी फक्त दोन मायनर, म्हणजे उदास छटेच्या स्केलमधले, २० नंबरचा डी मायनर आणि २४ नंबरचा सी मायनर. बाईंनी हे दोन्ही नोव्हेंबर १९६० मध्ये संचालक इगोर मार्केविच आणि पॅरिसच्या लामुरो ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केले. पुढच्याच महिन्यात ब्रसेल्सच्या रेल्वे स्टेशनवर जिन्यात पडून त्या गेल्या. म्हणजे हे जवळजवळ शेवटचंच वादन, पण ऐकताना कुठेही थकवा नाही, हे मला फार मोठं वाटतं.

डी मायनरची सुरुवात ऐका. खालच्या पट्टीत व्हायोलिन-व्हायोला तालाच्या मधल्या जागांवर धडधडतायत, मग सगळा ऑर्केस्ट्रा उसळतो, आता पियानो पण असाच गरजत येणार असं वाटतं आणि बाई येतात त्या एकट्या, हळू, ऑर्केस्ट्राने तोपर्यंत वाजवलीच नाही अशी एक साधी ओळ घेऊन. मोझार्टने तसंच लिहिलंय, पण बरेच मोठे वादक इथे दुःख दाखवायला जातात, ताणतात, थांबतात. बाई काही दाखवत नाहीत. नुसते सूर ठेवतात.

आणि मधला संथ भाग, रोमान्झ, मींडवाल्या लोकांनी हा नक्की ऐकावा. सुरुवातीला पियानो एकटाच, चाल एवढी सोपी की वर्षभर शिकलेलं पोरसुद्धा वाजवेल. पण बाई काय करतात, एक सूर विरत विरत जिथे पोचलाय बरोब्बर तेवढ्याच वजनाने पुढचा उचलतात, म्हणजे जोड दिसतच नाही, गळ्यातून आल्यासारखी ओळ निघते. सूर ओढता येत नाही तर त्याच्या विरण्याचाच उपयोग करून घेतला. हे कसब सोपं नाही हो, नुसता जलद हात असून काही होत नाही इथे. मध्येच वादळ येतं, हात एकमेकांवरून जातात, आणि त्यानंतर तीच चाल परत येते तेव्हा ती आधीसारखी वाटत नाही.

हा कॉन्चर्टो १७८५ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला त्या दिवशीसुद्धा नकलनवीस भाग उतरवत बसला होता आणि मोझार्टला शेवटचा भाग एकदा वाजवून बघायलाही वेळ मिळाला नाही, असं त्याच्या वडिलांनी पत्रात लिहून ठेवलंय. अशा घाईत हे असं काहीतरी लिहून होतं!

सी मायनर थोडा अवघड आहे, डी मायनर निदान शेवटी मेजरमध्ये येऊन हसतो, हा शेवटपर्यंत मायनर सोडत नाही. ओबो आणि क्लॅरिनेट ही दोन्ही फुंकवाद्यं असलेला मोझार्टचा हा एकच पियानो कॉन्चर्टो, आणि लामुरोवाल्यांचा जरासा धारदार फ्रेंच आवाज त्याला शोभतो असं माझं मत आहे, काहींना तो खरखरीत वाटतो. डी मायनर बाईंनी १९५४ मध्ये व्हिएन्नात संचालक पाउमगार्टनरबरोबर पण रेकॉर्ड केलाय, तो मोनो, आवाज जुना, पण जास्त मोकळा. मला स्वतःला १९६० चाच जवळचा. यूट्यूबवर हे सगळं सापडतं, हेडफोन लावून ऐकावं, मोबाईलच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतलं सगळं गायब होतं.

आपल्या पुरवणीत ख्याल, नाट्यसंगीत, जुनी सिनेमाची गाणी यावर छान येतं, मी कात्रणं ठेवते. त्यातच महिन्यातून एकदा चारशे शब्द एखाद्या अशा पाश्चात्त्य रेकॉर्डिंगवर द्यावेत ही विनंती. परिभाषा शिकवायची काही गरज नाही, काय ऐकायचं आणि कुठे कान द्यायचा एवढं सांगितलं की इथले लोक बाकीचं स्वतः ओळखतील, त्यांचे कान तयार आहेत. सुरुवात हास्किलबाईंपासून करा, पुढच्या महिन्यात पियानोवादक दिनू लिपाटीवर छापा, तेही बुखारेस्टचेच.

आपली,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली