परराष्ट्रमंत्री साहेब, काँगोबद्दल बोलताना नाव घेऊन बोला

मा. परराष्ट्रमंत्री साहेब,
जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला, आर्मीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. २०११ साली यूएनच्या निळ्या टोपीत काँगोला होतो, पूर्वेला रवांडाच्या सीमेवरच्या गोमा शहरात. आज लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे आमच्या भावकीतल्या एका पोराचं नाव तिकडं जायच्या यादीत आलंय आणि त्याची आई परवा घरी येऊन विचारत होती, "भाऊजी, तिकडं लढाई नक्की कुणाकुणात हाय?" मी सांगायला सुरुवात केली आणि चहा गार झाला तरी सांगतच होतो, एम२३ म्हणजे कोण (काँगो सरकारविरुद्ध लढणारी, रवांडाची मदत असलेली बंडखोर टोळी), एफडीएलआर म्हणजे कोण (रवांडातून पळून आलेल्या हुतू लोकांची टोळी), काँगोची आर्मी, डोंगरातल्या टोळ्या. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे लढणारी पोरं यांची, आन् बंदुका पुरवणारा पलीकडचा." पलीकडचा म्हणजे शेजारचा रवांडा. साहेब, शाळा चौथीपर्यंत झालेल्या बाईला जे एका बैठकीत समजलं ते आपल्या देशानं यूएनमध्ये मोठ्या आवाजात बोलावं एवढंच माझं मागणं आहे.

तिकडची एक गोष्ट सांगतो. गोम्याच्या पश्चिमेला साके गाव, तिथनं मसिसी या डोंगराळ भागाकडं वर चढणारा रस्ता पावसात म्हणजे नुसता राडा. एकदा आमची गाडी रुतली आणि आम्ही दगड लावत होतो तेवढ्यात वरनं एक पोरगा चुकुडू घेऊन आला. चुकुडू म्हणजे तिथली लाकडी गाडी, चाकं पण लाकडाची, त्यावर पोती लादून पोरं उतार उतरतात. तेरा-चौदा वर्षांचा असेल, पायात काही नाही. मी मोडक्या स्वाहिलीत विचारलं काय आहे, तर त्यानं पोत्याचं तोंड सोडलं आणि मूठभर काळी वाळू माझ्या तळहातावर ठेवली. हात खालीच गेला माझा. एवढीशी वाळू आणि शिशासारखी जड. "कोल्तान," म्हणाला तो. मग मला विचारलं, तू कुठला, मी म्हणालो मुहिंदी, भारतीय, तसा हसला आणि पोतं बांधून निघून गेला.

ते काय होतं ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. रिटायर झाल्यावर एकदा भाच्याच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसलो होतो, त्यानं भिंगाखाली एक बोर्ड धरला आणि तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा तुकडा दाखवला, म्हणाला हा टँटलम कॅपॅसिटर, वीज धरून ठेवणारा भाग. टँटलम हा धातू निघतो त्या काळ्या वाळूतनं. मसिसीतल्याच रुबाया गावच्या खाणींतून जगातलं जवळपास पंधरा टक्के कोल्तान येतं, आणि एप्रिल २०२४ पासून ते गाव एम२३ च्या ताब्यात आहे. यूएनच्या काँगोतल्या प्रमुखांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेला सांगितलं की तिथल्या व्यापारावर या लोकांना महिन्याला तीन लाख डॉलर मिळतात. माल जातो सीमेपलीकडं रवांडात, तिथल्या मालात मिसळतो आणि मग रवांडाचा माल म्हणून जगभर विकला जातो. यूएनच्याच तज्ज्ञांच्या गटानं हे लिहून दिलंय आणि रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक काँगोच्या जमिनीवर असल्याचंही लिहून दिलंय.

आता कुणी म्हणेल की हा त्यांचा आपसातला मामला. नाही साहेब, काँगोचा मामला कधी आपसातला राहूच दिला नाही कुणी. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं बरंचसं युरेनियम तिथल्या शिंकोलोब्वे खाणीतलं. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य मिळालं आणि दोन आठवड्यांच्या आत दक्षिणेचा कटांगा प्रांत फुटला, कारण तांबं तिथं होतं आणि बेल्जियमची खाण कंपनी आणि बेल्जियमचे अधिकारी फुटणाऱ्यांच्या पाठीशी होते. लोकांनी निवडून दिलेले पंतप्रधान लुमुम्बा यांना १७ जानेवारी १९६१ ला कटांगात गोळ्या घातल्या, मागं उरला एक दात, तो बेल्जियमनं घरच्यांना परत दिला जून २०२२ मध्ये. एकसष्ट वर्षांनी. मग आला हुकूमशहा मोबुटू, बत्तीस वर्षं बसला, अमेरिकेनं आणि पश्चिमेनं सांभाळला, आणि त्यानं देश असा खाल्ला की सैनिकाला पगार नाही, मास्तरला पगार नाही.

तेव्हा आपण गप्प बसलो नव्हतो याचा मला अभिमान वाटतो. लुमुम्बांच्या खुनानंतर नेहरूंनी आख्खी ब्रिगेड पाठवली. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलमध्ये, म्हणजे आत्ताच्या लुबुम्बाशीत, कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया मूठभर गोरख्यांना घेऊन कटांगाच्या सैनिकांवर तुटून पडले आणि गेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्या वेळी आपण कुणाविरुद्ध उभे आहोत हे शेवटच्या जवानाला पण माहीत होतं.

आणि आता २०१२ घ्या. २० नोव्हेंबरला एम२३ नं गोमा घेतलं. मी तोवर घरी आलो होतो, टीव्हीवर ओळखीचे चौक दिसत होते आणि डोक्यावर गाद्या घेऊन बाया चालल्या होत्या, जेवण गेलं नाही मला. त्या महिन्यात सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद भारताकडं होतं. त्याच दिवशी ठराव झाला, एम२३ चा निषेध झाला, पण मदत करणाऱ्याबद्दल फक्त "बाहेरून मदत" असा शब्द आला, रवांडाचं नाव आलं नाही. आपण खुर्चीत बसलेलो असताना. हे माझ्या मनातनं जात नाही.

नाव घेऊन काय होतं असं विचाराल तर त्याचंही उत्तर त्याच वेळचं आहे. त्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, जर्मनीनं रवांडाची मदत रोखली, ओबामांनी रवांडाचे राष्ट्राध्यक्ष कागामेंना फोन करून स्पष्ट सांगितलं, २०१३ ला यूएनची लढणारी ब्रिगेड उतरली, आणि नोव्हेंबर २०१३ पर्यंत एम२३ संपलेली होती. वर्षाच्या आत! मग जग दुसरीकडं बघायला लागलं आणि ती परत उभी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गोमा पुन्हा गेलं, फेब्रुवारीत पूर्वेचंच बुकावू शहर गेलं, तेव्हा कुठं २१ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेनं पंधराच्या पंधरा मतांनी रवांडाच्या सैन्याचं नाव घेऊन मागं जा म्हटलं. २७ जून २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये शांतता करारावर काँगो आणि रवांडा दोन्ही देशांच्या सह्या झाल्या, त्यात खनिजांच्या व्यवहाराची कलमं पण आहेत, पण गोळीबार काही थांबला नाही.

रवांडाचं दुःख मला कळत नाही असं समजू नका. १९९४ मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक तुत्सी जमातीची, कापली गेली आणि मारणाऱ्या हुतूंतले कितीतरी पळून काँगोत लपले, एफडीएलआर त्यातूनच आली. काँगोतल्या तुत्सींवरही अन्याय झालाय, बेल्जियमनं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मळ्यांवर कामाला आणून मसिसीत वसवलं, १९७२ ला कायद्यानं नागरिकत्व दिलं आणि १९८१ ला काढून घेतलं, म्हणजे माणूस त्याच घरात राहून परका. काँगोच्या सरकारला हे सांगायलाच पाहिजे. पण त्यावर इलाज म्हणून दुसऱ्याच्या खाणी ताब्यात घ्यायच्या?

रवांडाशी आपली मैत्री आहे. २०१८ मध्ये आपले पंतप्रधान तिथं गेले तेव्हा तिथल्या गरीब घरांसाठी दोनशे गायी दिल्या, मला शेतकरी म्हणून ती गोष्ट फार आवडली होती. मैत्री ठेवाच. पण घरात येणं-जाणं असलेला माणूसच तोंडावर सांगू शकतो ना की बाबा, तुझं चुकतंय.

आणि एक काम आपल्या घरात करायचंय. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं क्रिटिकल मिनरल मिशनला १६,३०० कोटी मंजूर केले, कोबाल्ट आणि टँटलम दोन्ही आपल्या महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहेत. घ्या ना, देशाला लागतंय. पण अमेरिकेत २०१० च्या कायद्यानं आणि युरोपात २०२१ पासून कंपन्यांना तपासावं लागतं की टँटलम, टिन, टंगस्टन, सोनं कुठून आलं, त्यातनं लढणाऱ्या टोळ्यांना पैसा जातो का, तसा नियम आपल्याकडं पण करा. तो तुमच्या एकट्याच्या हातात नाही हे समजतं, खाण मंत्रालय आहे, वाणिज्य आहे, पण सुरुवात तुम्ही करू शकता.

२६ जुलै २०२२ ला पूर्व काँगोतल्या बुटेम्बोमध्ये जमावाच्या हल्ल्यात बीएसएफचे आपले दोन जवान गेले. तिथले लोक यूएनवर चिडले होते, की इतकी वर्षं राहून तुम्ही आम्हाला वाचवत नाही. आपली पोरं तिथल्या रागाचं पण खातात आणि गोळ्या पण खातात. यूएनच्या मिशनमध्ये आपल्याएवढे जवान कुठल्याच देशानं गमावलेले नाहीत, तेव्हा बोलायचा अधिकार आपल्याएवढा कुणाला आहे?

सुरक्षा परिषदेत काँगोवर पुढची चर्चा होईल तेव्हा सैनिक पाठवणारा देश म्हणून बोलायची वेळ मागून घ्या, आणि आपल्या भाषणात रवांडा आणि रुबाया हे दोन शब्द असू द्या. आमच्या भावकीतला पोरगा तोवर गोम्याला पोचलेला असेल.

आपला,
एक माजी सैनिक
जि. सातारा