मनूने पाहायला लावलेला सिनेमा

वेंगुर्ले

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझी पत्रे उत्तरावाचून पडून आहेत आणि त्याची तक्रार तू थेट आमच्या हिच्याकडे केली आहेस, हेही कळले. आज लिहितो आहे ते मनूमुळे. परवा त्याने फोन करून सांगितले, ‘मामा, हा सिनेमा बघ आणि मग सांग, मी चतुर्थीला येऊ की नको.’ ताईजवळ हे बोलता येत नाही. त्याला पहिले दाढीचे सामान तू घेऊन दिलेस आणि त्यापायी तिची बोलणी खाल्लीस, तेव्हा हे ऐकून घेणेही तुझ्याच वाट्याला येणार.

सिनेमा ‘बॉईज डोन्ट क्राय’, 1999 चा, किंबर्ली पियर्स या दिग्दर्शिकेचा. ब्रँडन टीना हा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला, आपल्या मनूसारखाच जन्माच्या कागदावर मुलगी आणि जगण्यात मुलगा असलेला तरुण. 31 डिसेंबर 1993 रोजी, वयाच्या 21 व्या वर्षी त्याचा खून झाला. ब्रँडनची भूमिका करणाऱ्या हिलरी स्वँकला ऑस्कर मिळाले, आणि तुझ्या नेहमीच्या कुरकुरीला जागा राहू नये म्हणून सांगतो, ते योग्यच मिळाले.

खुनाचा प्रसंग मी डोळे मिटून काढला. मात्र त्याआधीची चौकशी काही केल्या डोक्यातून जात नाही. ज्यांच्याबरोबर तो उठला-बसला, प्याला, त्याच दोघांनी नाताळात त्याच्यावर बलात्कार केला. त्याने धीर करून तक्रार दिली, तर शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, त्यालाच त्याच्या शरीराविषयी खोदून खोदून विचारत राहतो. पडद्यावर तेवढा तो मार खाल्लेला चेहरा दिसतो आणि शब्द जड होत जातात. आरोपींना वेळीच अटक झाली नाही आणि आठवड्याभरात ब्रँडन गेला. पुढे आईने दावा लावला आणि 2001 मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या संरक्षणात झालेल्या हयगयीबद्दल काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, जबाबदार धरले. पण मुलगा गेल्यावर आलेला निकाल तो.

तुझ्याशी भांडायलाही एक मुद्दा मिळाला आहे. त्या रात्री त्याच घरात लिसा लँबर्ट आणि फिलिप डेव्हाइन यांनाही मारले. लिसा सिनेमात दुसऱ्या नावाने येते. डेव्हाइन, जो कृष्णवर्णीय होता, मुळी येतच नाही. ‘सिनेमा म्हणजे पंचनामा नव्हे’ हे तुझे पालुपद मला पाठ आहे, आणि नाक्यावरच्या हॉटेलात चहा गार होईपर्यंत आपण त्यावर घातलेला वादही. तरीही मेलेल्या माणसाला गोष्टीतून वगळणे मला पटलेले नाही आणि पटणारही नाही.

आता मूळ काळजी. ब्रँडन फॉल्स सिटीत मुलगा म्हणून राहू शकला तो तिथे त्याला कुणी ओळखत नव्हते म्हणून. खोट्या चेकच्या प्रकरणात तो पकडला गेला, बायकांच्या कोठडीत ठेवला गेला, जुने नाव बाहेर आले आणि मग सगळे कोसळले. मनूचे नेमके उलटे आहे. वाडीतल्या प्रत्येकाने त्याला परकरात पाहिलेले आहे, उघडकीला यायचे काही शिल्लकच नाही. ही गोष्ट त्याला वाचवील की अधिक उघडे पाडील, हे मला ठरवता येत नाही. ज्या पोरांबरोबर तो खाडीत डुंबला, ती आता मुंबईहून गाड्या घेऊन येतील, रात्रभर भजन करतील, त्यांतले काही मागच्या पडवीत बसून पितीलही. ब्रँडनला मारणारे परके नव्हते, हे त्या पोरांकडे पाहताना माझ्या मनातून कसे जावे? म्हाताऱ्यांची मला तितकी भीती नाही. बापू कान गेल्यापासून सगळ्यांनाच ‘अरे’ म्हणतात, त्यामुळे वाडीत सर्वांत पुढारलेले तेच ठरतील.

आपल्याकडे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, मनूचे आधार कार्डही बदलून झाले. पण माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधायला शिडीवर कोण चढणार आणि फुगडीला कोण उभे राहणार, हे आधार कार्ड पाहून ठरत नाही. लहानपणी कवंडळे आणि हरणाची फुले बांधायला तो आधी चढायचा आणि ताई खालून ओरडायची, हे तू पाहिलेले आहेस. यंदा तो चढला तर कुणी ओरडणार नाही, पण सगळे मान वर करून बघत राहतील आणि खाली उतरल्यावर कुणीतरी हसत काहीतरी विचारेल. शेरीफच्या प्रश्नांची सुरुवातही बहुधा अशा हसण्यातूनच होत असावी.

त्याला मी ‘ये’ असेच कळवणार आहे. घर त्याचेही आहे. प्रश्न इतकाच की भजनीबुवांना आणि शेजारच्यांना आधी जाऊन सांगावे, की सांगितल्याने नसलेली चर्चा सुरू होईल? ही म्हणते, सांगू नका, त्याच्या ताटात मोदक वाढा म्हणजे सगळ्यांना समजेल. मला मात्र त्या पोरांशी आधी बोलावे असे वाटते, आणि ते तू बरोबर असलास तर जमेल, कारण तुझा दरारा अजून आहे.

माझी प्रकृती बरी आहे, गुडघा पावसाळ्यापुरता कुरकुरतो. तुझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट पार पडली हे वाचून बरे वाटले; सूनबाईंच्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन सांग. गणपतीच्या गाड्यांची आरक्षणे बघता बघता भरतात, तेव्हा कुडाळपर्यंतचे तुझे आणि मनूचे तिकीट एकाच डब्यातले काढ आणि तारीख मला फोनवर कळव.

तुझा,
दत्ता