चार विसा आणि सतरा

ऐरोली, रविवार, रात्रीचे साडेअकरा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि. (बघा, अजून विसरले नाहीये.)

फोनवर बोलू बोलू म्हणता तीन रविवार गेले. दर वेळी आई विचारते जेवलीस का, बाबा विचारतात पाऊस आहे का तिकडे, मग आई म्हणते ठेवते आता, बिल वाढतं (आई, बिल वाढत नाही गं आता, कितीदा सांगू) आणि माझं राहूनच जातं. म्हणून हे टाईप करतेय. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे मोठ्या अक्षरात प्रिंट काढून स्पीड पोस्टाने पाठवेन. आई, तू वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे, तू मधेमधे तुझं घालतेस.

तर, मी नोकरी सोडली. 30 जूनला शेवटचा दिवस. पाणी प्या आणि पुढे वाचा.

जुलैपासून इथेच नवी मुंबईत एका लिबरल आर्ट्स कॉलेजमध्ये फ्रेंच शिकवणार आहे. व्हिजिटिंग म्हणून, म्हणजे जितकी लेक्चर्स तितके पैसे, माझी नेट (प्राध्यापक व्हायची परीक्षा) झालेली नाही त्यामुळे पर्मनंटचं नाव आत्ता काढायचं नाही. हातात येतील ते आत्ताच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. निलेशशी सगळं बोलून झालंय, घराच्या लोनची साडेचार वर्षं राहिलीत, त्याने एक्सेल शीट केलीय, ती पण प्रिंट काढून सोबत ठेवते, बाबा तुम्ही लाल पेन घेऊन बसणारच आहात.

आणि लिबरल आर्ट्स म्हणजे नुसतं 'आर्ट्सला गेली' तसं नाही हो बाबा. मुलं एक मुख्य विषय घेतात आणि जोडीला दुसरा, कुणी फ्रेंचबरोबर अर्थशास्त्र घेतं, कुणी इतिहास, कॉम्प्युटरवालं पोरगंसुद्धा दोन सेमिस्टर फ्रेंच करू शकतं. फ्रेंच मुख्य असेल तर पहिली दोन वर्षं भाषा घोटायची आणि मग त्याच भाषेत तिथला इतिहास, सिनेमा, आफ्रिकेतले लेखक. तुम्ही वर्गात म्हणायचात ना, नकाशा भिंतीवर लावल्याशिवाय मी पानिपत शिकवणार नाही, तसंच काहीसं.

आता एक जुनी चोरी कबूल करते. बी.कॉम.ला पुण्यात असताना टॅलीच्या क्लासचे म्हणून तुमच्याकडून पैसे घेतले होते, ते सगळे टॅलीला गेले नाहीत, निम्मे फ्रेंचला गेले. टॅली मी मैत्रिणीच्या वहीवरून शिकले. पुढे डेल्फची, म्हणजे फ्रेंच किती येतं ते बघणारी, बी2 परीक्षा दिली, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी 25 मार्क, एकूण 50 ला पास, पण एकाही भागात 5 च्या खाली गेलात की बाकीचं कितीही असो, नापास. मला ऐकण्यात साडेसात होते. कशीबशी सुटले आणि त्याच सर्टिफिकेटवर ही ऐरोलीची नोकरी लागली, जी तुम्ही अख्ख्या वाईला 'इन्शुरन्समध्ये मोठ्या पोस्टवर' म्हणून सांगितलीत. मोठी पोस्ट कसली, हेडफोन लावून फ्रान्समधल्या लोकांचे फोन घ्यायचे. उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर आमचं जेवणाचं सगळं गणित एक तासाने सरकतं. दिवाळीच्या आसपास मी नेहमी चिडचिडी का असते ते कळलं असेल.

पहिला महिना तर मी रोज रडायची. त्यांचे फोन नंबर दहा आकडी पण सांगतात दोन-दोनच्या जोडीने, आणि 97 ला त्यांच्याकडे एक सुटसुटीत शब्दच नाही! 'कात्र-व्हँ-दिसेत' म्हणतात, म्हणजे चार-वीस-सतरा. मी 'कात्र-व्हँ' ऐकलं की लगेच 80 टाईप करायची, तेवढ्यात मागून सतरा यायचे, की ते पण टाईप करायची, नंबर बारा आकडी व्हायचा आणि तिकडचा माणूस फोनवर उसासा सोडायचा. फ्रेंच माणसाचा उसासा फार वाईट असतो, सासूबाईंपेक्षा. टीम लीडरने दोनदा वॉर्निंग दिली. मग एका रात्री रबाळ्याच्या सिग्नलला रिक्षात बसलेली असताना एकदम आज्जी आठवली. आई, तुझी आई परसात गोवऱ्या मोजायची ना, 'तीन विसा, चार विसा नि धा', बोटाने प्रत्येक गोवरीला टोचत. चार विसा! कात्र म्हणजे चार, व्हँ म्हणजे वीस. चार विसा नि सतरा. शाळेचं तोंड न पाहिलेली आज्जी आणि पॅरिसची बाई एकाच पद्धतीने मोजतात, मला रिक्षात हसू फुटलं, रिक्षावाला आरशातून बघायला लागला. तेव्हापासून माझा एकही नंबर चुकला नाही. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 ला आणि 90 ला सरळ वेगळे शब्द आहेत, तिकडचा फोन आला की सुट्टी लागल्यासारखं वाटायचं.)

अजून एक तुम्हाला कधी सांगितलं नाही. तिथे माझं नाव हर्षदा नव्हतं. गिऱ्हाइकाला जड जाऊ नये म्हणून सगळ्यांना फ्रेंच नावं. ह वरून मला हेलेन मिळालं, आणि फ्रेंचमध्ये ह चा उच्चार करत नाहीत, त्यामुळे एलेन. म्हणजे ह च्या हिशोबाने मिळालेल्या नावातला ह पण गेला. अकरा वर्षं मी दुपारपासून रात्रीपर्यंत एलेन होते. तुमचा फोन ब्रेकमध्ये आला आणि तू 'हर्षे' म्हणालीस की क्षणभर मागे वळून बघायची कुणाला हाक मारतायत.

गेल्या वर्षापासून स्क्रीनवर आपोआप भाषांतर येतं. ग्राहक फ्रेंच बोलतो, खाली इंग्रजी उमटतं, म्हणजे उद्या फ्रेंच न येणारा कुणीही माझ्या खुर्चीत बसू शकेल आणि पगार कमी घेईल. बाबा, तुम्ही मागे म्हणालात ना की मोबाईलच भाषांतर करतो तर भाषा शिकायची कशाला, तेच आमच्या मॅनेजरचं म्हणणं. फेब्रुवारीत एका बाईंचा फोन आला, ऐंशीच्या पुढच्या असतील, नवरा गेला होता आणि त्याच्या गाडीचा इन्शुरन्स बंद करायचा होता. पॉलिसी नंबर हळूहळू वाचला, तारीख सांगितली, गाडी कुठली ते सांगितलं, गाडी रविवारी तेच पुसायचे हे पण सांगितलं, जे मी विचारलं नव्हतं. मग थांबल्या. आणि म्हणाल्या, 'व्वाला'. स्क्रीनवर उमटलं, 'हे घ्या'. आई, त्या बाई काही देत नव्हत्या गं. आजोबा पत्रात सगळं वाईट लिहून झालं की नवीन ओळीवर 'असो.' लिहायचे, ते होतं ते. मी पण काही बोलले नाही, चार-पाच सेकंद तशीच लाईनवर राहिले, आणि आमच्याकडे तीन सेकंदांवर गप्प राहिलं की मार्क कापतात. कापले.

त्याच आठवड्यात कॉलेजला अर्ज केला.

बाबा, आता तुमच्या कामाचं. सिलेक्शनसाठी अर्ध्या तासाचा डेमो लेक्चर घ्यायचा होता, विषय फ्रेंच संस्कृती. बाकीचे उमेदवार आयफेल टॉवर, चीज, आणि ती 'बागेत' नावाची लांब पावाची काठी घेऊन आले (तिला 2022 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत घातलंय, आपला पाव बिचारा पोर्तुगीज आणि बिनयादीचा). मी फळ्यावर देवनागरीत एकच शब्द लिहिला, गारदी. विचारलं, हा शब्द कुठला? सगळे गप्प. मागच्या बाकावरची कळव्याची एक मुलगी म्हणाली, 'काका मला वाचवा!' वर्ग हसला, पण बरोबर होतं तिचं. मग सांगितलं की 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावावर धावून गेलेल्या त्या गारद्यांचं नाव फ्रेंच 'गार्द' वरून आलंय असं मानतात, गार्द म्हणजे पहारा, रक्षण. रक्षण करणारे! आणि पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी, तो आधी दख्खनमध्ये फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेला. हे सगळं तुमचंच, नववीच्या वर्गात मी पहिल्या बाकावर बसून ऐकलेलं, फक्त आता फ्रेंचमध्ये सांगितलं.

मग द ब्वान्य. तुम्ही जन्मभर ज्याला डी बॉईन म्हणालात तो. महादजींच्या पदरी 1784 पासून होता, कवायती पलटणी उभ्या केल्या, पुढे हिंदुस्थानातून गडगंज पैसा घेऊन आपल्या गावी शाँबेरीला परत गेला आणि त्यातला बराच गावाला दिला. (ते गाव फ्रान्समध्ये कायमचं गेलं ते 1860 ला, तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगते.) गावाने 1838 मध्ये त्याच्या नावाने कारंजं बांधलं, उंच खांब, वर त्याचा पुतळा आणि खाली चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती. पण हत्ती अर्धेच! पुढचा भाग बाहेर, मागचा खांबात. त्यामुळे गावकरी त्यांना काय म्हणतात, तर... बाबा, तुम्हाला लिहायला लाज वाटतेय पण शब्दशः 'बूड नसलेले चौघे'. म्हणजे आपल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांची चाकरी करून आलेल्या माणसाचे हत्ती आल्प्सच्या पायथ्याशी उभे आहेत आणि गाव त्यांची टिंगल करतंय. मुलं इतकी हसली की परीक्षक मॅडमनी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

तुम्ही फोनवर 'गोऱ्यांचीच भाषा शेवटी' म्हणाला होतात, ते पण मी मनात ठेवलंय. पण आता त्या भाषेचे जास्त लोक आफ्रिकेत आहेत, काँगोच्या राजधानीत, किन्शासात, पॅरिसपेक्षा जास्त माणसं राहतात. सेनेगलचा पहिला राष्ट्राध्यक्ष सेंघोर कवी होता, फ्रेंचमध्ये लिहायचा, आणि 1983 ला त्यालाच फ्रेंच अकादमीत घ्यावं लागलं. दुसऱ्या वर्षाला हा भाग मी मागून घेतलाय.

आई, तुला वाटत असेल सगळं बाबांचंच चाललंय. तुझं पण आहे. फ्रेंचमध्ये अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं यांना चक्क वेगवेगळी क्रियापदं आहेत, त्युत्वाये आणि व्हूव्वाये, इंग्रजी मीडियमच्या मुलांना ते समजवायला दोन तास लागतात. मला डेमोत दोन मिनिटं लागली. म्हटलं, माझी आई बाबांना सेहेचाळीस वर्षं व्हूव्वाये करते आणि बाबा तिला त्युत्वाये. एक मुलगा म्हणाला, मॅम, फक्त बाबांनाच का? मला उत्तर आलं नाही. तुला येतं का बघ. आणि तिकडे मुलं आईवडील दोघांनाही अरे-तुरेच करतात, हे बाबांना सांगू नकोस. अरे देवा, ते वाचतायत.

फ्रेंच शिकणारी मुलं सारखी कुरकुरतात की शेवटची अक्षरं बोलायची नाहीत तर लिहायची कशाला. त्यांना आजोबांचं 1958 चं पत्र दाखवणार आहे, 'पत्र पावलें, वाचून बरें वाटलें', सगळे न बोललेले अनुस्वार, जे 1962 च्या नियमांनी काढून टाकले. फ्रेंचांनी अजून काढले नाहीत एवढंच. ते पत्र तुमच्या ट्रंकेत निळ्या फाईलमध्ये आहे. नुसता फोटो पाठवू नका, मी गणपतीला येईन तेव्हा घेऊन जाईन.

पैशाचं टेन्शन मला पण आहे, नाही असं नाही. एक वर्ष बघते. नाहीच जमलं तर भाषांतराची कामं घरून मिळतात, दोन ठिकाणी बोलून ठेवलंय. वाईत कुणी विचारलं तर सांगा कॉलेजात आहे, ते खोटं पण नाही आणि ऐकायला पण बरं आहे.

आई, तुझं एक काम कर. 10 जुलैच्या आत शेजारच्या पिंकीला सांगून मोबाईलवर रेकॉर्डिंग कर, आज्जीसारखं विसाने मोजून दाखव, पापड, गोवऱ्या, काहीही मोज, पण चार विसा नि सतराच्या पुढे जा, शंभरापर्यंत. पंखा बंद कर, मागून बाबांना बोलू देऊ नकोस. पहिल्या लेक्चरला लावायचंय.

तुमची,
हर्षदा

ता. क. बाबा, ड्रॉप थांबवू नका, डॉक्टर सहा आठवडे म्हणालेत.