ड्रम ओतून देऊ नकोस, दत्ता

इचलकरंजी
रविवार, दुपार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकून जिवाला लागलं. पत्र्याच्या शेडमधला डिग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस धुवून काढणारा तुझा द्राव, भर दुपारी दुधासारखा पांढरा होतो, वर तेलकट थर येतो, म्हणून तू सगळे ड्रम ओतून द्यायला निघालास. थांब. माल खराब झालेला नाही. पहाटे जाऊन बघ, तो पुन्हा पाण्यासारखा नितळ झालेला असेल.

त्यात तू धुण्यासाठी वापरलेला ७ मोलचा नॉनआयनिक (विद्युतभार नसलेला साबणासारखा पदार्थ) म्हणजे खोबरेल किंवा पाम कर्नल तेलापासून काढलेलं लॉरिल अल्कोहोल आणि त्याला जोडलेले इथिलीन ऑक्साइडचे सरासरी सात मणी. अल्कोहोलची शेपटी तेलाला धरते, मणी पाण्याला. या मण्यांवर विद्युतभार नसतो, त्यांच्यातल्या ऑक्सिजनला पाणी नुसतं हायड्रोजन बंधानं चिकटलेलं असतं. म्हणून आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, पण हा फाटत नाही. मात्र पाणी तापलं की तेच नाजूक बंध सुटतात आणि माल पाण्याबाहेर पडतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, इथं बरोबर उलटं. ज्या तापमानाला तो गढूळ होतो तो त्याचा क्लाउड पॉइंट. ७ मोलचा साध्या पाण्यात साधारण पन्नाशीच्या आसपास असतो, पण तू कॉस्टिक आणि मेटासिलिकेट ही अल्कली घातलीयस. अल्कली आणि मीठ तो आणखी खाली ओढतात.

हे मी अनुभवातून शिकलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी कापड धुऊन रंगवणाऱ्या एका प्रोसेस कारखान्यात रात्रपाळीला होतो. कॉस्टिक घालून उकळत्या पाण्यात स्कॉरिंग, म्हणजे कोऱ्या कापडाची धुलाई, चाललं होतं आणि कापड भिजवणारा वेटिंग एजंट कमी मोलचा नॉनआयनिक होता. तो वेगळा होऊन कापडावरच बसला. सकाळी रंगाईतून कापड बाहेर आलं तेव्हा निळ्या शेडवर तळहाताएवढे फिके डाग. त्या दिवसापासून प्रत्येक लॉटचा १ टक्का द्राव मी स्वतः बीकरमध्ये तापवतो. थर्मामीटरचा पारा दिसेनासा झाला की आच बंद करायची, ढवळत राहायचं आणि निवताना पारा पुन्हा दिसू लागला की तो आकडा वहीत लिहायचा. दहा मिनिटांचं काम, पण मला ते फार मोलाचं वाटतं.

मणी जास्त असले की माल पाण्याला जास्त धरून राहतो आणि क्लाउड पॉइंट वर जातो, म्हणून तू ९ मोलवर जा. हिशेब सोपा आहे. लॉरिल अल्कोहोलचं रेणुभार १८६, एक मणी ४४ चा. ७ मोलमध्ये मण्यांचा वाटा ३०८ भागिले ४९४, म्हणजे ६२ टक्के. त्याला ५ नं भागलं की एचएलबी, म्हणजे पाण्याची ओढ जास्त की तेलाची हे सांगणारा आकडा, १२.५ येतो. ग्रिफिननं १९४९ मध्ये मांडलेलं हे माप आजही कामाला येतं. ९ मोलचा १३.६ भरतो, ३ मोलचा जेमतेम ८.३. तो तेलातच रमतो आणि शाम्पूतला फेस करणारा एसएलईएस बनवायला जातो. ९ मोलच्याच जातीचं शुद्ध औषध, पोलिडोकॅनॉल, पायाच्या फुगलेल्या शिरांत टोचतात. एकाच घराण्यातला माल गिरणीत, रंगाच्या कारखान्यात, फवारणीच्या औषधात आणि दवाखान्यातही!

आता मनापासून एक मागणं. दलाल तुला एनपी ९, म्हणजे लॉरिल अल्कोहोलऐवजी नोनिलफिनॉलला नऊ मणी जोडलेला माल, स्वस्तात देऊ करेल. घेऊ नकोस. धुवायला तो चांगलाच आहे, पण सांडपाण्यात तुटून नोनिलफिनॉल उरतं आणि ते माशांच्या शरीरात स्त्रीसंप्रेरकासारखं वागतं. धुतल्या जाणाऱ्या कापडात अशा नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटचं प्रमाण ०.०१ टक्क्याच्या वर असेल तर युरोपीय संघ फेब्रुवारी २०२१ पासून ते कापड बाजारात येऊ देत नाही. आपला सरळ साखळीचा अल्कोहोल इथॉक्सिलेटही कच्चा नदीत गेला तर माशांना घातकच, पण जीवाणू त्याला लवकर खाऊन टाकतात. पंचगंगेच्या काठी आपण पोहायला शिकलो, दत्ता. तिच्यात काय जातं हे मला सोसवत नाही.

अर्धा लिटर नमुना बसच्या पार्सलनं पाठव. रेसिपीतलं कॉस्टिक किती ते बाटलीवर लिही.

तुझाच,
विनू

ता. क. नवीन बॅच करताना आधी पाणी घे, मग त्यात नॉनआयनिक सोडत जा. उलटं केलंस तर मध्येच जेलीसारखा गोळा होतो आणि ढवळणी अडकते.