अर्ध्यावर थांबवलेल्या गोष्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ख्रिस्ती घरांतली तरुण मुले चर्चपासून दूर का जातात?’ या विषयावरचे एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आपल्या अंकात वाचले. मोबाईल, कॉलेज, वाईट संगत आणि आईवडिलांना नसलेला वेळ ही कारणे त्यांनी दिली आहेत. पत्र तळमळीने लिहिले आहे, यात शंका नाही. पण दूर गेलेल्यांपैकी कुणाला तरी विचारून पाहिले, असे त्यात एकदाही आलेले नाही. मी त्या दूर गेलेल्यांतली. पाळकाची मुलगी. बाप्तिस्मा, शब्बाथशाळा, दृढीकरण, तरुण संघ, गायनमंडळ, सगळे यथासांग झालेले. म्हणून हे उत्तर.

आधी त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे तेवढे मान्य करते. अमेरिकेतल्या लाइफवे या संस्थेने 2017 मध्ये तिथल्या तेवीस ते तीस वयाच्या अशा तरुणांची पाहणी केली, जे शाळेच्या वयात निदान वर्षभर प्रोटेस्टंट चर्चमध्ये नियमित जात होते. त्यांतल्या 66 टक्क्यांनी अठरा ते बावीस या वयात किमान वर्षभर जाणे बंद केले होते. कारणांत सर्वांत वर होते कॉलेजसाठी घर सोडणे, 34 टक्के. म्हणजे कॉलेजचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. पण त्याच्या पाठोपाठ, 32 टक्क्यांवर, काय होते? चर्चमधली माणसे दुसऱ्यांना नावे ठेवणारी किंवा ढोंगी वाटली, हे. ही संस्था काही नास्तिकांची नव्हे. ती चर्चच्याच घरातली आहे. आणि हे दुखणे एकट्या अमेरिकेचेही नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 2011 मध्ये 59.3 टक्के होते, ते 2021 मध्ये 46.2 टक्क्यांवर आले. एवढ्या लोकांना एकट्या मोबाईलने पळवून नेले, असे म्हणायला मोठी श्रद्धा लागते.

आता माझे सांगते.

आमच्या शब्बाथशाळेत फ्लॅनेलचा बोर्ड होता. निळ्या कापडावर बाई कापडी चित्रे चिकटवत जायच्या. महापुरातले नोहाचे तारू, त्याच्या खिडकीतून मान काढलेले दोन जिराफ, हत्ती, पांढरी दाढीवाला नोहा, सगळ्यात शेवटी इंद्रधनुष्य. इंद्रधनुष्याचा जांभळा पट्टा कायम सुटायचा आणि तो दाबून धरायला बाई कुणाला तरी पुढे बोलवायच्या. तो मान मिळावा म्हणून आमच्यात भांडणे लागत. त्या बोर्डावर पाणी होते, प्राणी होते, पण बुडणारे माणूस एकही नव्हते. यरीहो नगर जिंकल्याची गोष्टही तशीच. सात दिवस प्रदक्षिणा, कर्णे, आरोळी आणि धडाधड कोसळणारा कोट. आम्ही वर्गात गोल फिरायचो, ओरडायचो आणि जमिनीवर लोळण घ्यायचो. गोष्ट तिथे संपायची, कारण घंटा व्हायची.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून स्वतः वाचायला घेतले. तरुण संघात आम्हाला तसेच सांगितले होते आणि मी आज्ञाधारक होते. उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाचा सातवा अध्याय आला. भूतलावरचे सगळे प्राणी आणि सगळी माणसे मेली, असे तिथे सरळ लिहिले आहे. पुढे यहोशवाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय, यरीहोचा. कोट पडल्यावर नगरातले पुरुष आणि स्त्रिया, तरुण आणि वृद्ध, बैल, मेंढरे, गाढवे, सगळे तलवारीने मारले गेले. आम्ही ज्या ओळीवर लोळण घ्यायचो, तिच्या पुढच्याच ओळीवर.

तरुण संघाच्या प्रमुखांना विचारले. ते म्हणाले, “तुझ्या मनात हे कोण घालतंय, याचा विचार कर. प्रार्थना कर.” मनात घालणारे पुस्तक तर त्यांनीच दिले होते.

अवघड ओळी सापडल्या म्हणून माझा विश्वास गेला, असे कुणी समजू नये. जुने ग्रंथ अवघड असायचेच. माझ्या डोक्यात जे बसले ते वेगळे होते: हे सगळ्यांना माहीत होते. बाईंना माहीत होते, संघाच्या प्रमुखांना माहीत होते, आणि मला सांगायचे नाही असे त्यांचे जणू ठरलेले होते.

याचा पक्का पुरावा घरातच मिळाला. पप्पांच्या कपाटात शुभवर्तमानांवरची, म्हणजे येशूच्या चरित्रांवरची, जाड भाष्ये आहेत. एकदा मार्कचे काढले. मार्कच्या सोळाव्या अध्यायातल्या नवव्या ते विसाव्या ओळी सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, असे त्यात होते. ही हस्तलिखिते, सिनाय आणि व्हॅटिकन, दोन्ही चौथ्या शतकातली. त्यांत मार्कचे शुभवर्तमान आठव्या ओळीवर थांबते: स्त्रिया रिकाम्या कबरेपासून थरथरत पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानातल्या, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीच्या गोष्टीचेही तेच. पहिला दगड कोणी मारावा, ही सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट त्या दोन प्रतींत नाही. या परिच्छेदांच्या कडेला पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. अक्षर पप्पांचे. खाली तारीख होती, माझ्या जन्माच्या आधीची.

मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. “पप्पा, हे तुम्हाला माहीत होतं?”

“सेमिनरीत शिकवतात ते. सगळ्यांनाच.”

“मग उपदेशात कधी आलं नाही ते?”

ते जरा थांबले. म्हणाले, “लोक घाबरतात गं.”

कोण लोक? आमच्या मंडळीत पुढच्या बाकावर बसणाऱ्या आजी. कुणी नवरा पुरलेला, कुणी तरणा मुलगा पुरलेला. त्या एका हस्तलिखिताने घाबरणार होत्या? घाबरत होते ते व्यासपीठावर उभे राहणारे. माझ्या वडिलांवर माझे प्रेम आहे आणि हे वाक्य त्यांना आधी वाचून दाखवूनच इथे लिहिले आहे.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ वर्न बेंगट्सन यांनी 1970 पासून पुढे काही दशके साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा, त्यांच्या तीन-चार पिढ्यांचा अभ्यास केला. घरातला धर्म पुढच्या पिढीत उतरतो की नाही, हे आईवडिलांशी, त्यातही वडिलांशी असलेल्या जिव्हाळ्यावर बरेच अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष. पत्रलेखकांनी ‘आईवडिलांना वेळ नाही’ म्हटले आहे, त्याला हा आधार देता येईल. पण मग माझ्यासारख्यांचे काय करायचे? वडील मायाळू, वेळ देणारे, रात्री डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारे, आणि तरी मी गेले. माया असली की भागते, असे नाही. ज्यांच्यावर इतका जीव, त्यांनीच निम्मे झाकून ठेवले, हे उलट जास्त लागते.

या झाकाझाकीत सर्वांत मोठे नुकसान झाले ते ईयोबाचे. शब्बाथशाळेतला ईयोब असा: चांगला माणूस, संकटे आली, त्याने धीर धरला, देवाने दुप्पट दिले. पहिले दोन अध्याय आणि शेवटचा. बेचाळीस अध्यायांच्या पुस्तकातले मधले जवळजवळ सगळे गायब, आणि त्या मधल्या भागात ईयोब धीर धरत नाही. तो जन्मल्या दिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो, सांत्वन करायला आलेल्या मित्रांना तुम्ही सगळे नुसते पीडा देणारे आहात असे सुनावतो. आणि शेवटी देव रागावतो कुणावर? मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब जे बोलला ते योग्य होते, तुमचे नव्हते, असे तो त्यांना सांगतो. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांना देवच बाजूला सारतो, असे हे पुस्तक! ते आम्हाला तेराव्या-चौदाव्या वर्षी मिळाले असते तर काय बहार आली असती. आमच्या वर्गातल्या एका मुलाने बाईंना विचारले होते, “शेवटी नवी दहा मुलं झाली, पण आधीच्या दहांचं काय?” बाईंनी त्याला सुवर्णवचन पाठ म्हणायला उभे केले. तो मुलगाही आता चर्चला येत नाही.

हेच साक्षींचे. उपासनेत उभे राहून साक्ष देणारा माणूस नेहमी बरा झालेला असतो. डॉक्टरांनी हात टेकले, मंडळीने उपास धरला, गाठ नाहीशी झाली. टाळ्या. माझ्या मैत्रिणीच्या आईसाठीही उपास धरले होते, साखळी प्रार्थना झाल्या होत्या. त्या गेल्या. नंतर कुणीतरी तिला घरी येऊन सांगितले की कुठेतरी विश्वास कमी पडला असावा. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आमच्यात मजबूत विश्वासाची म्हणून नावाजलेली होती ती. आज चर्चच्या रस्त्यानेही जात नाही. बरे न झालेल्यांची साक्ष कधी असते? स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांतली तिसऱ्या हिश्शाच्या आसपास रडगाणी आहेत, देवा कुठे आहेस म्हणणारी. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारावरच संपते. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. ते आम्ही कधीच गायलो नाही. माझ्या मैत्रिणीला त्या महिन्यात तेवढे एक स्तोत्र कुणी वाचून दाखवले असते, तर ती राहिली असती का, सांगता येत नाही. पण घरी आलेल्या त्या पाहुण्यांपेक्षा ते बरे झाले असते.

विज्ञानाने विश्वास जातो, हेही पत्रात सूचित केले आहे. यावर फार लिहीत नाही. विश्व एका आदिकणापासून सुरू झाले, ही कल्पना 1931 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल मठात राहत होते. मला दोघेही विज्ञानाच्या पुस्तकात भेटले. चर्चमध्ये त्यांचे नाव निघाले असते तर अभिमानाने ताठ बसले असते.

आणि ज्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही, तेही लिहिते. 2002 मध्ये बोस्टनमधल्या पत्रकारांनी दाखवून दिले की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठ वर्षानुवर्षे एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत होते. फ्रान्समध्ये 2021 च्या चौकशी आयोगाने 1950 पासूनच्या बळींचा अंदाज दिला: धर्मगुरूंकडून अत्याचार झालेली सुमारे 2,16,000 मुले. हे कॅथलिकांचे आहे, आपले नाही, असे म्हणण्याची प्रोटेस्टंट मंडळींत एक पद्धत होती. 2022 मध्ये अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींवरचा अहवाल आला आणि तीही सोय गेली. तिथेही नेत्यांनी तक्रारी दाबल्या होत्या. या बातम्या तरुणांनी मोबाईलवर वाचल्या, हे खरे. मोबाईलचा दोष एवढाच.

आमच्यासारख्यांच्या आयांना नेहमी संत ऑगस्टीनची आई मोनिका हिचे उदाहरण देतात. मुलगा मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात गेला, ती रडत राहिली, आणि एका बिशपने तिला सांगितले की इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणार नाही. माझ्या आईला हे किती जणींनी ऐकवले असेल! पण याही गोष्टीचा पहिला भाग कुणी सांगत नाही. मोनिका त्या बिशपकडे गेली होती ती मुलाला समजावून चुका दाखवा म्हणून, आणि त्याने साफ नकार दिला होता. त्याला राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, असे तो म्हणाला. कारण तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढला होता आणि त्यांची पुस्तके वाचूनच बाहेर पडला होता. मोनिका तरी हट्ट सोडेना, तेव्हा वैतागून तो अश्रूंचे वाक्य बोलला. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा पुढे 387 मध्ये मिलानला झाला. मी परत जाईन, असे सुचवण्यासाठी हे लिहीत नाही. मला माहीत नाही. पण त्या बिशपसारखा, नकार देणारा एक जरी माणूस आमच्या मंडळीत असता, तर मी निदान त्याच्याशी बोलायला गेले असते.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, ‘मग आम्ही करावे तरी काय?’ मोठे उपाय मला सुचत नाहीत. लहान सांगते. शब्बाथशाळेचा पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम ठरवताना मोठ्या मुलांच्या वर्गाला ईयोबाचे मधले अध्याय लावा, आणि शिकवायला असा माणूस द्या ज्याला “मला माहीत नाही” म्हणता येते. बुधवारच्या प्रार्थनासभेत “अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करू या, ती प्रभूपासून दूर गेली आहे” असे नाव घेऊन जाहीर करणे थांबवा. सभा सुटायच्या आत ती बातमी आमच्यापर्यंत पोचते. घरी समजावायला माणसे पाठवू नका. आणि आमच्यापैकी कुणी लग्नाला किंवा मातीला चर्चमध्ये आलेच, तर “कित्येक दिवसांनी!” असे दारातच मोठ्याने म्हणू नका. आत येऊन बसू द्या.

पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये, ही विनंती. माझे वडील अजून सेवेत आहेत.

आपली,
एक वाचक