महागड्या गाडीची बॅटरी, आणि कंपनीच्या हातात राहिलेली नोंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात नव्या गाड्यांबद्दल भरभरून छापून येतं, पिकअप कसा, सनरूफ केवढं, स्क्रीन किती इंचाची, पण तीच गाडी चारपाच वर्षं वापरल्यावर मालकाला काय काय निस्तरावं लागतं यावर फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. विषय बॅटरीचा आहे. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी असल्या गाडीची बॅटरी गेली की मालक मुकाट्याने गाडी डीलरकडे पाठवतो, कारण या गाड्यांना घरी हात लावायचा नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक्स उडेल असं त्याला चहूबाजूंनी सांगितलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की बॅटरी बदलणं मालकाला जमण्यासारखं काम आहे, घोडं अडतं ते नवी बॅटरी टाकल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायच्या नोंदीपाशी, आणि ती नोंद कंपन्यांनी विनाकारण स्वतःच्या ताब्यात ठेवलीय.

काम काय असतं ते आधी सांगतो. बऱ्याचदा बॉनेट उघडलं तर बॅटरी दिसतच नाही, ती डिकीत उजव्या बाजूला कव्हरखाली असते, काही मॉडेलात तर सीटखाली. बॉनेटमध्ये फक्त जम्प स्टार्टसाठी दोन टर्मिनल दिलेली असतात. गाडी बंद करून, किल्ली लांब ठेवून, पंधरावीस मिनिटं थांबायचं म्हणजे आतले सगळे कंट्रोल युनिट झोपतात. डिकी उघडीच ठेवायची, कारण लॅच इलेक्ट्रिक असतं आणि बॅटरी सोडल्यावर ती चुकून बंद झाली तर किल्लीच्या आत लपवलेली लोखंडी चावी शोधत बसावं लागतं. मग १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडायचं, नंतर पॉझिटिव्ह, खालचा क्लॅम्प काढायचा आणि बॅटरी उचलायची. हे उचलणं मात्र दोघांचं काम आहे, ९० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवणारी) बॅटरी पंचवीस किलोच्या आसपास भरते आणि डिकीच्या खोलगट कोपऱ्यातून ती वाकून काढायची म्हणजे कंबर सांभाळावी लागते. बसवताना उलटं, आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे बॅटरीच्या बाजूला लावलेली बारीक रबरी नळी. बॅटरी गाडीच्या आत असते आणि चार्जिंग जास्त झालं तर तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो, तो या नळीतून बाहेर जातो, त्यामुळे ती नव्या बॅटरीला पुन्हा जोडलीच पाहिजे. दुसरं, जुनी एजीएम असेल तर नवीही एजीएमच हवी. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत स्वस्तात मिळाली म्हणून साधी बॅटरी टाकली तर ती फार टिकत नाही. त्यानंतर घड्याळ लावणं, काचा एकदा पूर्ण वरखाली करून शिकवणं, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवणं, ही किरकोळ कामं आहेत.

आता ती नोंद. बीएमडब्ल्यूमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवर एक सेन्सर असतो, तो करंट, व्होल्टेज, तापमान बघत राहतो आणि बॅटरी किती जुनी झाली, किती दमली याचा हिशोब गाडीचा कॉम्प्युटर ठेवतो आणि त्याप्रमाणे चार्जिंग ठरवतो. नवी बॅटरी टाकली आणि गाडीला कळवलंच नाही तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजूनच वागवते. गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, पण बॅटरीचं आयुष्य कमी होऊ शकतं, कधी स्टार्ट-स्टॉप चालत नाही, कधी स्क्रीनवर वॉर्निंग येत राहते. एएच किंवा प्रकार बदलला तर नोंदीसोबत कोडिंगही, म्हणजे कॉम्प्युटरमधली बॅटरीची सेटिंग बदलणंही लागतं. ऑडीच्या बऱ्याच गाड्यांत लेबलवरचा पार्ट नंबर, मेकरचा कोड आणि सिरियल नंबर टाकावा लागतो.

ही नोंद म्हणजे डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायची जागा) स्कॅनर लावायचा आणि मेन्यूतून बॅटरी बदलली असं सांगायचं, पाचदहा मिनिटांचा खेळ. बाहेर मिळणारे बरेच स्कॅनर हे करतात, चांगले बॅटरीवालेही करून देतात. पण मालकाच्या मॅन्युअलमध्ये बघाल तर बहुतेक वेळा एकच ओळ, अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. आणि डीलरच्या एस्टिमेटमध्ये बॅटरी, लेबर, प्रोग्रामिंग सगळं एकत्र, कशाचे किती ते विचारलं की सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो सिस्टीममध्ये असंच येतं सर.

डीलरकडे जाऊच नका असं मी म्हणत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरकडेच जावं. ४८ व्होल्टची सिस्टीम, हायब्रिड, केशरी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की मालकाने हात मागे घ्यावा, केशरी वायरींच्या जास्त व्होल्टेजमध्ये तर खरंच जीवाचा धोका आहे. काही पोर्शमध्ये लिथियमची बॅटरी असते, तिचाही प्रकार वेगळा. पण डीलरने आपलं काम तरी नीट करावं. माझ्या एका मित्राची गाडी सारखी सेल्फ घेईना, डीलरने लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तिची ताकद तपासणं) न करता बॅटरी गेली म्हणून नवी टाकली, आणि काही दिवसांत नवीही उतरली. शेवटी कळलं की डॅशकॅमची वायर अशी जोडली होती की गाडी बंद असतानाही तो चालूच राहायचा. गाडी झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट खेचला जात असेल तर बॅटरी नाही, गळती शोधायची असते, आणि हे साधं मीटर लावून समजतं. भरलेली बॅटरी काही तास पडून राहिली तरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, हे मालकाने माहीत करून घेतलं तरी निम्मे अनावश्यक खर्च टळतील असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी गाडीदुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने मंजूर केला, त्यानंतर २०१४ मध्ये कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती देशभर द्यायला मान्यता दिली. म्हणजे दबाव आला की जमतं. माझी मागणी तर त्याहून छोटी आहे, गाडीच्याच स्क्रीनवर सर्व्हिसच्या मेन्यूत "नवी बॅटरी बसवली" असा पर्याय द्या, एएच आणि प्रकार निवडायची सोय द्या, आणि मॅन्युअलमध्ये बॅटरी बदलायच्या पायऱ्या चित्रासकट छापा. टायर बदलला की प्रेशर रीसेट करायचं बटण आज बऱ्याच गाड्यांत मालकाच्या हातात आहे, मग बॅटरीचं का नाही, याचं उत्तर आपल्या पेपरच्या ऑटो पानाने पुढच्या परीक्षणात कंपनीला थेट विचारून छापावं ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक