किनाऱ्यावरची विश्रांती आणि वाटून घेतलेला पहारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांना घेऊन समुद्रकिनारी निवांत सुट्टी कशी घालवावी, यावरचा आपल्या सहल पुरवणीतील लेख वाचला. लेख चांगला आहे आणि त्यातील सामानाची यादी मी कापून ठेवली आहे. माझे म्हणणे आहे ते लेखासोबत छापलेल्या छायाचित्राविषयी. त्यात दोन आरामखुर्च्यांवर आईवडील डोळे मिटून पहुडले आहेत आणि त्यांच्या पाठीमागे, बरेच दूर, दोन मुले गुडघाभर पाण्यात उभी आहेत. खुर्च्यांची तोंडे जमिनीकडे आहेत; चेहऱ्यांवर उजेड यावा म्हणून छायाचित्रकाराने त्या तशा फिरवल्या असाव्यात. निवांतपणाचे चित्र म्हणून ते निवडले गेले असणार, परंतु तीन ते सात वर्षांच्या चार मुलांसह नुकताच किनाऱ्यावर आठवडा काढून आलेल्या मला ते पाहून पोटात गोळा आला.

आम्ही मोठी माणसे सहा होतो: आम्ही दोघे, दीर-जाऊ आणि सासू-सासरे. चार मुलांमागे सहा मोठी म्हणजे काळजीचे कारणच नाही, असे आम्ही निघतानाच एकमेकांना सांगितले होते आणि घोटाळा नेमका तिथेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा साडेतीन वर्षांचा मुलगा वाळूत खड्डा करून त्यात समुद्राचे पाणी आणून ओतत होता. बादली ओतायची, पाणी वाळूत जिरताना टक लावून पाहायचे, ‘कुठे गेलं?’ असे विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पाण्याकडे पळायचे, असा त्याचा तासभर खेळ चालला होता. तो जाऊन येतो आहे, हे आम्हा सहाही जणांना दिसत होते. मग एका खेपेला तो आलाच नाही. मला वाटले जाऊबाईंचे लक्ष आहे, जाऊबाईंना वाटले सासऱ्यांचे आहे, आणि सासरे वर्तमानपत्र वाचत होते (आपलेच, हे सांगायला हवे). त्यानंतरची आठ-दहा मिनिटे कशी गेली, याचे वर्णन करत नाही.

तो सापडला सुमारे तीनशे पावलांवर, दुसऱ्याच कुटुंबाच्या छत्रीखाली, त्यांच्या खड्ड्यात पाणी ओतताना. रडत नव्हता, आपण हरवलो आहोत, हेही त्याला ठाऊक नव्हते. घडले होते ते असे, की तासाभरात ओहोटीने पाणी बरेच मागे सरले होते. सकाळी दहा पावलांवर असलेली त्याची ‘विहीर’ आता चाळीस-पन्नास पावलांवर गेली होती. पाण्याकडे जाताना समोर समुद्रच असतो, त्यामुळे वाट चुकत नाही. परतताना मात्र समोर सारख्याच दिसणाऱ्या छत्र्यांची रांग असते, आणि भरलेली बादली सांभाळत खाली मान घालून चालणारे मूल दर खेपेला थोडे थोडे बाजूला सरकत जाते. दोष मुलाचा नव्हता. सहा जणांचे लक्ष होते, म्हणजे प्रत्यक्षात कोणाचेच नव्हते.

त्या दुपारी आम्ही एक नियम केला. एका वेळी दोघांनी पहारा करायचा, एकाने पाण्याजवळ आणि एकाने वाळूत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीने. पाण्याजवळच्या माणसाच्या गळ्यात शिट्टी, वाळूतल्याच्या डोक्यावर सासऱ्यांची लाल टोपी. पाळी बदलताना ‘आता तुझ्याकडे’ असे तोंडाने म्हणायचे आणि समोरच्याने ‘माझ्याकडे’ असे उत्तर दिल्याशिवाय शिट्टी किंवा टोपी गळ्यातून, डोक्यावरून काढायची नाही. पहाऱ्यावर असताना मोबाइल नाही, पुस्तक नाही, गप्पासुद्धा बेताच्याच. ‘सुट्टीला आलोय की ड्युटीला?’ असे सासरे म्हणाले, आणि पहिल्या दिवशी मलाही ते पटले होते. पण हिशेब करून पाहावा. सहा माणसे असतील तर तीन तासांत प्रत्येकाच्या वाट्याला एक तास पहारा येतो आणि दोन तास निखळ मोकळे मिळतात. त्या दोन तासांत एक डोळा उघडा ठेवून पडावे लागत नाही. सासूबाई तिसऱ्या दिवशी छत्रीखाली चक्क घोरल्या. कितीतरी वर्षांत त्यांना दिवसाढवळ्या असे झोपलेले मी पाहिले नव्हते.

दोनच मोठी माणसे असतील तर हे गणित इतके उदार राहत नाही, हे मान्य आहे. तरीही दोघांनी सतत अर्धवट लक्ष ठेवण्यापेक्षा एकाने पूर्ण ठेवावे आणि दुसऱ्याने पूर्ण सोडावे, यात विश्रांती अधिक मिळते. मुले मात्र अशा वेळी पाण्यात एकेकच न्यावीत.

हा बाऊ वाटू नये, म्हणून थोडी माहिती देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ जुलै हा बुडण्याला प्रतिबंध करण्याचा जागतिक दिवस म्हणून जाहीर केला. हे सर्व मृत्यू समुद्रातले नाहीत. तळी, विहिरी, नद्या, घरातली पिंपेसुद्धा त्यात आली. परंतु बुडण्याची रीत सगळीकडे सारखीच असते आणि ती आपल्याला वाटते तशी नसते. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्या माणसांचे बारकाईने निरीक्षण करून ती मांडली. बुडणारा माणूस हाका मारत नाही, कारण श्वासच पुरत नसतो. हात हलवून खुणा करत नाही, कारण हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात. शरीर उभे, तोंड कधी पाण्यावर, कधी पाण्याखाली, आणि हे सारे २० ते ६० सेकंदांत संपते. लहान मुलाच्या बाबतीत त्यातील कमी आकडाच धरलेला बरा. ‘काही झाले तर ओरडेल ना!’ या भरवशाला म्हणूनच अर्थ नाही. पाण्यातले मूल हात लांबवला की धरता येईल, एवढ्याच अंतरावर असावे. त्याचा पोहण्याचा पोशाखही झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी असावा. निळा, पांढरा आणि करडा रंग पाण्यात विरून जातो.

दुसरी गोष्ट भरतीची. आपल्याकडे सुट्टीचा दिवस घड्याळावर बेतला जातो, तर समुद्राचे घड्याळ निराळे असते. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे काल ज्या वेळी पाणी ओसरलेले होते ती वेळ आज सुमारे ५० मिनिटांनी पुढे गेलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी अधिक वर चढते आणि अधिक मागेही जाते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, त्यात हा फरक कमी पडतो. शिवाय पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांत एकूण चढउतारापैकी जवळपास निम्मा होऊन जातो, आणि नेमक्या याच वेळी छत्र्या, चपला आणि मुले पाण्यात सापडतात. लहान मुलांसाठी आम्हाला सर्वांत चांगली वेळ सापडली ती ओहोटी संपत आल्यावरची. सपाट पुळणीवर तेव्हा उथळ डबकी उरतात, त्यांचे पाणी उन्हाने कोमट झालेले असते, आणि घोट्याएवढ्या पाण्यात एखाद्या पिटुकल्या खेकड्यामागे चार मुले तासभर हरखून जातात. अर्थात डबक्यातल्या मुलावरूनही नजर काढता येत नाही.

जिथे लाटा फुटताना दिसत नाहीत ती जागा मुलांसाठी सुरक्षित, हा आणखी एक समज. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पाण्याचा पट्टा दिसला, की कुटुंबे हटकून तिथेच उतरतात. पुष्कळदा तो रिप करंट असतो, म्हणजे लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी एका अरुंद वाटेने वेगाने परत समुद्रात जात असते. तिथे खोली अधिक असल्यामुळेच लाटा फुटत नाहीत. मोठा माणूस अशा प्रवाहात सापडला तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, तरंगत राहून मदत मागावी किंवा किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे, असे जीवरक्षक सांगतात. चार वर्षांच्या मुलाला यातले काहीच जमणार नाही. त्यामुळे जीवरक्षक असलेला किनारा निवडणे आणि त्यांनी रोवलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरणे, एवढेच आपल्या हातात राहते. लाल झेंडा असेल त्या दिवशी वाळूवर भागवावे. फुगवलेली बदके आणि चटया मी तर घरीच ठेवीन. वारा जमिनीकडून समुद्राकडे असला की त्या मुलासकट किती झरझर आत सरकतात, हे पाहिलेला माणूस पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही.

उन्हाविषयी लेखात पुरेसे आले आहे, त्यामुळे दोनच गोष्टी जोडते. छत्रीखाली बसले म्हणजे झाले, असे नसते: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो, शिवाय ते किरण पाण्यात अर्धा मीटर खालीही बऱ्यापैकी पोहोचतात. म्हणून बाह्यांचे कपडे आणि टोपी आधी, सनस्क्रीन नंतर, आणि तेही दर दोन तासांनी व प्रत्येक डुबकीनंतर पुन्हा. सहा महिन्यांखालील बाळ मात्र उन्हात न्यायचेच नाही. दुसरी गोष्ट मुलांना फार आवडते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की घरी जायचे. माझी सहा वर्षांची मुलगी दर थोड्या वेळाने वाळूत सावली मोजायला उभी राहायची आणि शेवटी आम्हा मोठ्यांना उठवण्याचे काम तिनेच स्वतःकडे घेतले. दुपारी अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली सगळ्यांनी झोपायचे आणि सावल्या लांबल्या की पुन्हा बाहेर पडायचे, यात दिवसाचे आपसूक दोन तुकडे पडले आणि संध्याकाळची रड थांबली.

वाळूतही एक धोका असतो, तो बहुतेकांना माहीत नसतो. ओल्या वाळूचा खड्डा उभा राहतो तो कणांमधल्या पाण्याच्या पातळ पडद्यामुळे; कडा वाळल्या की तोच खड्डा क्षणात ढासळतो, आणि आत बसलेल्या मुलाच्या छातीवर पडलेली वाळू हातांनी झटपट उपसता येत नाही. आमचा नियम असा होता, की खड्डा मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको आणि निघताना तो बुजवायचा.

आता ‘निवांत’ या शब्दाविषयी. पाच दिवसांत सहा ठिकाणे पाहण्याचा बेत असलेल्या कुटुंबांना आम्ही रोज भेटत होतो. त्यांची मुले गाडीत पेंगुळलेली आणि मोठी माणसे घड्याळाकडे पाहणारी. लहान मुलांना ठिकाणे मोजायची नसतात. माझ्या धाकट्याने आठवडाभर एकच खड्डा भरला. ओसरती लाट टाचेखालची वाळू ओढून नेते, तेव्हा पाय आपोआप खाली रुततात. तेवढ्यासाठी मुलगी माझा हात घट्ट धरून एकाच जागी किती वेळ उभी राहायची, आणि प्रत्येक लाटेला नव्याने किंचाळायची. पाण्याजवळच्या पहाऱ्याची माझी पाळी बहुधा अशीच जायची, आणि खरे सांगायचे तर मोकळ्या दोन तासांपेक्षा तोच अर्धा तास मला अधिक लक्षात राहिला आहे. चौथ्या दिवशी लाल टोपी सासऱ्यांनी कोणी न मागता स्वतःहून घातली आणि पाळी संपल्यावरही परत द्यायला कुरकुर केली.

आपल्या पुरवणीकडे एक मागणी आहे. किनाऱ्यावरच्या सहलींविषयी लिहिताना राहण्याच्या सोयींबरोबर त्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतात की नाही आणि असल्यास कोणत्या वेळेत, हे छापावे. सुट्ट्यांच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या वेळा आणि अतिनील किरणांचा निर्देशांक यांना रोजच्या हवामानाशेजारी दोन ओळींची जागा द्यावी. हा निर्देशांक तीन किंवा त्याहून अधिक असला की उन्हापासून संरक्षण घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढी टीपही सोबत पुरे. आणि पुढच्या वेळी छायाचित्र निवडताना आईवडिलांपैकी एकाला खुशाल झोपू द्यावे, मात्र दुसऱ्याची खुर्ची पाण्याकडे वळवलेली आहे, एवढे पाहून घ्यावे.

आपली नम्र,
एक वाचक